तिच्या हातचं पाणी

(जालना इथे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या संध्याकाळच्या सभेत केलेलं भाषण)

आज दुपारी बाराच्या सुमाराला मी स्टेशनवरून इकडे आलो, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आपल्या उन्हाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं? बाया पाण्याला जातात त्या तांबडं फुटायच्या आधी, नाहीतर दिवस कलल्यावर. टँकर आला तर गोष्ट वेगळी, तो येईल ती वेळ. पण विहिरीवर जायचं तर दुपारचे बारा कुणी आपण होऊन निवडत नाही. जी निवडते तिला बहुधा चार बायांची नजर चुकवायची असते.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई सूखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर येते ती याच वेळी. सहावा तास, म्हणजे भर दुपार. ती एकटी का आली हे योहान सांगत नाही. आपण मात्र व्यासपीठावरून सांगून मोकळे होतो: पाच नवरे केलेली, वाईट चालीची बाई. मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं, आणि त्याचं मला आज दुःख आहे. पाच जणांपैकी किती मेले, किती जणांनी तिला सोडलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. येशू तिला एकदाही पापिणी म्हणत नाही. नवरा गेला की 'पांढऱ्या पायाची' आणि नवऱ्याने सोडलं की 'टाकलेली', हे शब्द आपले आहेत, त्याचे नाहीत.

चालून थकलेला येशू विहिरीशी बसला आहे. शिष्य गावात अन्न विकत आणायला गेलेत. ती घागर घेऊन येते आणि तो म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

मंडळी, या वाक्याशी मी आज तुम्हाला थांबवणार आहे. जिवंत पाण्याची गोष्ट पुढे येते, उपासनेची येते, मशीहाची, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याची येते. पण सुरुवात मागण्याने झाली. देव तिला शोधत आला आणि आल्या आल्या त्याने तिच्याकडे काहीतरी मागितलं. तीही चमकली. तुम्ही यहूदी, मी शोमरोनी बाई, आणि तुम्ही माझ्याकडे पाणी मागता? योहान लगेच खुलासा करतो की यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. हा खुलासा दुसऱ्या देशातल्या वाचकाला लागत असेल. मराठवाड्यातल्या माणसाला तो लागत नाही. 'त्यांच्या हातचं चालत नाही' या चार शब्दांत आपल्या गावांची अख्खी रचना होती.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर तिला पाऊल ठेवता येत नसे. वरून कुणी दया येऊन ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं. पाणी मिळायचं, अगदीच मिळत नव्हतं असं नाही. 'पण बाळा,' ती म्हणायची, 'माझ्या हातचं पाणी कुणी मागितलं नाही.' लहान असताना मला यातला फरक कळला नव्हता. आता वाटतं, शोमरोनी बाई घागर तिथेच ठेवून गावाकडे का पळाली, याचं उत्तर आजीच्या त्या वाक्यात आहे. ज्या गावाची नजर ती चुकवत होती, त्याच गावाला ती सांगत सुटली की या, पाहा. आणि गाव आलं. पुढचे दोन दिवस येशू तिथे राहिला. दोन दिवस राहिला म्हणजे शोमरोन्यांच्या घरचं जेवला, त्यांच्या भांड्यातलं पाणी प्याला, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या जालन्याचा इतिहासही इथूनच जातो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या हाती परत आला. मग वाद पेटला तो अन्नपाण्याचा. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही जातीचा रोष सोसावा लागला. एका लहान मुलाने कुणाच्या ताटात खाल्लं यावर शहर दुभंगलं. हे जवळून पाहिलेले नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात, इथे जालन्याला आले आणि मांग-महार वस्त्यांतून फिरले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या राजवटीत जमीन मिळाली आणि बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्यांच्या उपदेशाबद्दल लोक बोलतात, बोलावंच. मला मात्र एक दृश्य दिसत राहतं: मांगवाड्यातल्या एखाद्या दारात बसून पाणी मागणारा ब्राह्मण. असं घडल्याचा कागद माझ्याकडे नाही. पण इतकी वर्षं त्या माणसांत राहायचं तर तहान कधीतरी लागलीच असणार.

पवित्र शास्त्रात विहिरीवर सापडलेली आणखी एक बाई आहे, हागार. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तिची धनीण साराय आणि सारायचा नवरा अब्राम तिच्याबद्दल बोलतात तेव्हा फक्त 'दासी' म्हणतात. रानात झऱ्यापाशी देवदूत तिला गाठतो आणि त्या अध्यायात पहिल्यांदा कुणीतरी तिला नावाने हाक मारतं. हागारे, तू कुठून आलीस, कुठे चाललीस? तिला धनिणीकडे परत जायला सांगितलं, ते वाक्य मला अजूनही जड जातं, लपवत नाही. पण तिने देवाला नाव ठेवलं: मला पाहणारा देव. दासीने दिलेलं नाव शास्त्राने जपलं.

जक्कयाचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला पाठ आहे. तो गरीब नव्हता. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, आणि लोकांना नकोसा. आपल्याकडे सावकार असा असतो, एखादा मुकादमही. उंबरावर चढून बसलेल्या त्या माणसाला येशूने वर पाहून सांगितलं की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. इथेही मागणंच. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय बोलला ते पाहुणा घरी यायचं ठरल्यानंतर. अट आधी घातली असती तर तो झाडावरच राहिला असता.

आता माझी गोष्ट. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते वर्ष. आम्ही काही जण बीडकडच्या एका वस्तीवर धान्याची पाकिटं घेऊन गेलो होतो. शेवटचं घर एकट्या बाईचं होतं. नवऱ्याने सोडलेली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. तसं तिला हिशेबातही अर्धंच नाव होतं. मी पाकीट ठेवलं, दोन शब्द प्रार्थना केली आणि निघालो. ती म्हणाली, 'बसा की दादा, घोटभर चहा ठेवते.' मी म्हणालो, नको बाई, घाई आहे. खरंच घाई होती, आणखी दोन वस्त्या राहिल्या होत्या. शिवाय पाणी विकतचं, दूध नाही, तिच्यावर भार कशाला, असंही मनात होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'काहून? आमच्या हातचं चालत नाही का?'

मी, माझ्या आजीचा नातू. मला उत्तर सुचलं नाही. गाडीत बसलो तेव्हा हात रिकामे होते आणि मला ओझं जड वाटत होतं. मी तिला धान्य दिलं होतं आणि वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो.

आपल्या मंडळ्यांत देणं खूप आहे. नाताळला साड्या, पावसाळ्यात छत्र्या. ते थांबवू नका. पण पाळक म्हणून, सेवक म्हणून, आपण कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं का? एकट्या राहणाऱ्या त्या बाईकडे, दारू सोडू पाहणाऱ्या त्या पोराकडे, कुष्ठरोगातून बरा होऊनही ज्याच्या कपाला लोक हात लावत नाहीत त्या म्हाताऱ्याकडे? येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की त्यानंतर त्या माणसाने सगळीकडे बोभाटा केला आणि येशूलाच गावाबाहेर, एकांतात राहावं लागलं.

विहिरीवर येशूला पाणी मिळालं का, हे योहान सांगत नाही. पण त्याच योहानाने पुढे आणखी एका सहाव्या तासाची नोंद केली आहे. रोमी सुभेदार पिलाताने त्याला लोकांपुढे उभं केलं ती वेळ. त्यानंतर त्याला गावाबाहेर नेलं, आणि वधस्तंभावरून तो म्हणाला, मला तहान लागली आहे. या वेळी तिथे घागर घेऊन येणारं कुणी नव्हतं. आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, भरलेला बोळा तोंडाला लावला गेला.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो, एकटाच, हातात काही न घेता. घराला कुलूप होतं. दारातला रांजण पालथा घातलेला. शेजारची म्हातारी म्हणाली, 'ती गेली भावाच्या टोळीसंगं, आता उन्हाळ्यातच येईल.' मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'उन्हाचे आलात. पाणी देऊ का?'

मी म्हणालो, द्या मावशी.