आकडा बघितलात, आता बाण बघा

नमस्कार, श्रोतेहो.

दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरला मोबाइल लावला आणि आकडा आला ६५. घरात लगेच धावाधाव सुरू होते. पण हा आकडा रक्तातला नाही. सेन्सरची केसासारखी तार कातडीखालच्या द्रवात असते आणि रक्तातली साखर तिथे पोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा सेन्सर मागे पडतो. टाइप वन मधुमेहात, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, बऱ्याच चुका इथूनच होतात.

६५ दिसतंय, घाम फुटलाय, हात थरथरतायत? तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. लहान मुलाला याहून कमी. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मग १५ मिनिटं थांबा. खरी परीक्षा इथे आहे. रक्तातली साखर सावरलेली असते, सेन्सर मात्र अजून ६० म्हणतो, घरचे घाबरून पुन्हा साखर पाजतात आणि तासाभरात आकडा २८० होतो. म्हणून या वेळी बोट टोचून ग्लुकोमीटरवरच बघा. रात्री सेन्सरच्या कुशीवर झोपलं तरी तो दाबला जाऊन खोटा कमी आकडा देतो. कूस बदला, बोट टोचा, मग ठरवा.

आता आकड्याशेजारी दिसणारा बाण. बऱ्याच सेन्सरमध्ये सरळ खाली गेलेला बाण म्हणजे साखर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने उतरतेय. १५० असताना हा बाण दिसला आणि वेग तसाच राहिला, तर अर्ध्या तासात तुम्ही ९० च्या खाली असाल. बाण आडवा असेल तर तेच १५० निवांत असतं. आकडा एकच, निर्णय दोन.

जेवून दीड तास झाला, सेन्सर २४० दाखवतोय, हात सुईकडे जातो. थांबा. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत असतं. त्यावर दुसरा डोस चढवला की दोन्ही मिळून संध्याकाळी खाली ओढतात. हिशोब असा मांडतात: दिवसाचं सगळं इन्सुलिन ४५ युनिट असेल, तर १८०० भागिले ४५, म्हणजे एक युनिट साधारण ४० ने साखर उतरवतं. २४० वरून १२० वर यायला ३ युनिट, पण आधीचा डोस ओसरला असेल तरच. साधं रेग्युलर इन्सुलिन वापरत असाल तर १८०० ऐवजी १५०० धरतात, आणि ते आणखी जास्त वेळ काम करतं. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. तुमचा स्वतःचा आकडा डॉक्टरांबरोबर बसून पक्का करा.

जेवणासाठी ५०० भागिले ४५. म्हणजे ११ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतीन-चार युनिट. मऊ पेज पटकन चढते, त्यामुळे साखर आधीच कमी नसेल तर झटपट इन्सुलिन घेऊन १०-१५ मिनिटांनी पेज प्या. घावणे आणि नारळाचा रस याच्या उलट. गूळ चढवतो, पण नारळाच्या स्निग्धतेमुळे चढण लांबते आणि तीन तासांनी सेन्सर पुन्हा वर जाताना दिसतो. बांगड्यात कर्बोदकं जवळजवळ नाहीतच, रवा लावून तळलात तर तेवढीच मोजा. आणि हापूस बंद करू नका. शंभर ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम असतात. गर वजन करून घ्या, त्याचं इन्सुलिन घ्या आणि खा.

लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्याची साखर त्याच रात्री, झोपेतही घसरते. कमी साखरेचा अलार्म चालू ठेवा आणि झोपतानाचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून कमरेला असू द्या, पावसात कागद टिकत नाही. सेन्सर लावायच्या दिवशी दंडाला खोबरेल तेल नको. साबणाने धुवा, स्पिरिट पूर्ण सुकू द्या, मगच चिकटवा. नाहीतर इथल्या घामात आठवड्याच्या आत कडा सुटतात.

लाईट गेली तर इन्सुलिन डब्यात घालून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. दमट पावसाळी हवेत मडकं कमी गार होतं, पण तेव्हा मे महिन्याचा उकाडाही नसतो. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा.

मेडिकलमधून बाटली आणताना एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट की १०० ते वाचा. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. लाल सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट जातो.

आणि उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तरी बेसल म्हणजे दिवसभराचं इन्सुलिन बंद करायचं नाही. साखर २५० च्या वर राहिली तर लघवीत कीटोनची पट्टी बुडवून बघा; इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात. पट्टीवर कीटोन दिसले आणि उलट्या थांबत नसतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.