हातातला एक टाइमआउट

(दृश्य : डेट्रॉइटचं छताखालचं स्टेडियम. कॅमेरा हळूहळू घड्याळावर येतो.)

२८ नोव्हेंबर २०२४. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस. अमेरिकन फुटबॉलचा सामना. डेट्रॉइट लायन्स २३, शिकागो बेअर्स २०. चेंडू शिकागोकडे आहे. मध्यंतराला हाच संघ १६–० असा मागे होता. आता एक फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांच्या मधून, तीन गुण) झाला तर बरोबरी, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण) झाला तर विजय.

शिकागोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, केलेब विल्यम्स चेंडू फेकायच्या आधीच खाली पाडला जातो. घड्याळात तीसेक सेकंद उरली आहेत आणि शिकागोकडे एक टाइमआउट शिल्लक आहे. पंचाला खूण केली की घड्याळ थांबेल.

कोणीही खूण करत नाही.

वीस सेकंद. पंधरा. खेळाडू धडपडत उठतात, रांग लावतात, एकमेकांकडे बघतात. दहा. चेंडू खेळात येतो तेव्हा सहा सेकंद राहिलेली असतात. एक लांब फेक. चेंडू जमिनीवर पडतो आणि घड्याळ शून्यावर येतं.

तो टाइमआउट तसाच राहिला.

(दृश्य : शिकागोच्या उपनगरातला रस्ता, पानं गळालेली झाडं.)

मी तेव्हा नेपरव्हिलमध्ये शेजाऱ्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांचे वडील पंच्याहत्तरीच्या पुढचे, बेअर्सचे जन्मापासूनचे चाहते. चेंडू पडला तसा त्यांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि ते काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेले. बाकीच्यांचा वाद मात्र तिथेच सुरू झाला. पोराने स्वतः टाइमआउट का घेतला नाही? प्रशिक्षक काय करत होता? मैदानावर पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या एकालाही ओरडता येत नव्हतं का?

त्या हंगामात शिकागो हाच वाद घालत होती. ट्रेनमध्ये, ऑफिसात, सोमवारी सकाळी रेडिओवर. ‘६७० द स्कोर’ लावलं की फोन करणाऱ्यांचे दोन तट ऐकू यायचे. एक म्हणायचा, दोष ऑफेन्सचा, म्हणजे चढाईचा आहे. दुसरा म्हणायचा, दोष लॉकर रूमचा, म्हणजे खेळाडूंच्या खोलीतल्या वातावरणाचा आहे, तिथे कोणी मोठं माणूसच नाही. मी कोल्हापूरचा. पेठांच्या फुटबॉलमधली ईर्षा बघत वाढलो, त्यामुळे हरलेल्या संघावर लोक इतक्या पोटतिडकीने का बोलतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा खेळ मात्र नव्याने शिकावा लागला.

(दृश्य : मैदानाचं रेखाचित्र, दहा-दहा यार्डांच्या रेघा.)

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चढाई करणाऱ्या संघाला, म्हणजे ऑफेन्सला, दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला एक ठरलेली चाल असते. प्रशिक्षक ती क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये सांगतो, तो ती बाकी दहा जणांना सांगतो. मग समोरून शे-दीडशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येतात आणि त्याच्या पुढ्यातले पाच धिप्पाड लाइनमन त्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरतात. तेवढ्यात चेंडू हातातून सुटला पाहिजे. नाहीतर क्वार्टरबॅक चेंडूसकट खाली जातो. त्याला सॅक म्हणतात.

२०२४च्या हंगामात केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला. सतरा सामन्यांत ६८.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

या शहराचं आणि ऑफेन्सचं नातं विचित्र आहे. जॉर्ज हॅलस यांनी १९२०मध्ये हा संघ उभा केला. डिसेंबर १९४०मध्ये अजिंक्यपदाच्या सामन्यात याच बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३–० असं हरवलं. क्वार्टरबॅक होता सिड लकमन, आणि त्यांची ‘टी’ आकाराची रचना पाहून सगळ्या लीगने खेळायची पद्धत बदलली. म्हणजे आधुनिक चढाईचे धडे देशाने शिकागोकडून घेतले. पण पुढे शहराचं प्रेम जडलं ते बचावावर. १९८५च्या हंगामातला संघ, जानेवारी १९८६चं सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, न्यू इंग्लंडवर ४६–१०. आजही इथल्या बारच्या भिंतींवर त्याच संघाचे फोटो आहेत. क्वार्टरबॅक मात्र येत राहिले आणि जात राहिले. एका हंगामात ४,००० यार्डांची फेक हा आज बऱ्या क्वार्टरबॅकसाठी साधा टप्पा मानला जातो. २०२४चा हंगाम संपला तेव्हा बत्तीस संघांपैकी एकट्या बेअर्सच्या क्वार्टरबॅकने तो कधीही गाठलेला नव्हता. तोवर संघाचा विक्रम ३,८३८ यार्डांचा होता, तोही १९९५ सालचा, एरिक क्रेमरचा.

एप्रिल २०२४मध्ये ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, तिथे कमजोर संघाची पाळी आधी) पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स निवडला गेला तेव्हा लोकांनी त्याच्याकडून केवढी आशा बाळगली असेल, हे यावरून समजा. पहिला सामना खेळायच्या आधीच सहकाऱ्यांनी त्याला कर्णधारांपैकी एक केलं. वय बावीस. त्याच संघात मार्सेडीस लुईस होता, वय चाळीस. लुईस या लीगमध्ये आला तेव्हा विल्यम्स चार वर्षांचा होता.

सुरुवात वाईट नव्हती. पहिल्या सामन्यात ऑफेन्सला एकही टचडाउन करता आला नाही, पण बाकीच्यांनी टेनेसीला हरवलं. ह्यूस्टनकडे आणि इंडियानापोलिसकडे हार झाली. मग सलग तीन विजय, त्यातला तिसरा लंडनमध्ये. सहा सामने, चार विजय. लोक जानेवारीतल्या प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा हिशेब मांडायला लागले होते.

(दृश्य : मेरीलँडमधलं स्टेडियम, संध्याकाळचा प्रकाश.)

मग २७ ऑक्टोबर. वॉशिंग्टन. विल्यम्स याच परिसरात लहानाचा मोठा झाला. समोरचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स, ड्राफ्टमध्ये त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. शेवटच्या टप्प्यात शिकागो टचडाउनपासून एका यार्डावर पोचली. इतक्या जवळ आल्यावर चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? त्यांनी तो डग क्रेमरच्या हातात दिला. क्रेमर हा लाइनमन, ज्याचं काम दुसऱ्यांना वाट करून देण्याचं. चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि वॉशिंग्टनकडे गेला. ऑफेन्सवर टीका करणारे आजही पहिला दाखला याच चालीचा देतात. माझंही मत त्यांच्याच बाजूला आहे. एक यार्डासाठी हुशारी दाखवायची नसते.

तरीही बेअर्सनी २५ सेकंद बाकी असताना १५–१२ अशी आघाडी घेतली.

शेवटची फेक. अशा वेळी क्वार्टरबॅक देवाचं नाव घेऊन चेंडू जमेल तितका लांब भिरकावतो, म्हणून तिला ‘हेल मेरी’ म्हणतात. चेंडू खेळात आला त्या क्षणी शिकागोचा टायरीक स्टीव्हनसन मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना हातवारे करून डिवचत होता. भानावर येऊन तो धावला, उडी मारली, चेंडूला त्याचा हात लागला, आणि उडालेला चेंडू मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. वॉशिंग्टन १८, शिकागो १५.

स्टीव्हनसनने जाहीर माफी मागितली. पण चाहत्यांना लागलं ते वेगळंच. त्या फेकीच्या आधीच्या चालीत वॉशिंग्टनला सीमारेषेजवळ फुकटचे तेरा यार्ड मिळाले होते, आणि त्यामुळेच शेवटची फेक तिथवर पोचली. मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनी नंतर त्या यार्डांना फारसं महत्त्व दिलं नाही. ज्याच्याकडून ‘चूक माझी’ एवढे दोन शब्द यायला हवे होते, त्याच्याकडून ते आले नाहीत. रेडिओवरच्या वादाला खरी धार तिथून चढली.

(दृश्य : सोल्जर फील्डचे दगडी खांब, मागे मिशिगन सरोवर.)

पुढचे आठवडे झरझर सांगतो, कारण ते आठवायलाही नको वाटतात. ॲरिझोनात २९–९ अशी हार. मग न्यू इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानावर १९–३. विल्यम्स त्या एका दिवशी नऊ वेळा सॅक झाला. दोन दिवसांनी ऑफेन्सचे प्रशिक्षक शेन वॉल्ड्रन यांची नोकरी गेली. अनुभवी खेळाडूंनी हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना गाठून, ‘आमच्याशी जास्त कडक वागा, चुका तोंडावर सांगा,’ असं म्हटल्याच्या बातम्या होत्या. लॉकर रूममध्ये पुढारी नव्हते, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. पुढारी होते, त्यांनी सांगितलंही होतं. ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

१७ नोव्हेंबरला ग्रीन बे आली. ग्रीन बे पॅकर्स म्हणजे शंभर वर्षांचं वैर. शिकागो २०–१९ अशी मागे, चेंडू फील्ड गोलच्या टप्प्यात, वेळ शिल्लक, टाइमआउटही शिल्लक. आणखी एक चाल खेळून चार-पाच यार्ड जवळ जाता आलं असतं. त्यांनी घड्याळ तसंच चालू ठेवलं आणि कैरो सँटोसला ४६ यार्डांवरून लाथ मारायला पाठवलं. ती अडवली गेली. पुढच्या रविवारी मिनेसोटाशी जादा वेळेत ३०–२७ अशी हार. आणि चार दिवसांनी डेट्रॉइटचा तो सामना.

(दृश्य : पुन्हा घड्याळ. आवाज बंद.)

आता तीस सेकंदांचा तो प्रश्न नीट बघू.

एक बाजू म्हणते, विल्यम्स चेंडू फार वेळ हातात धरून ठेवतो. हे खरं आहे. ६८ सॅक सगळेच्या सगळे लाइनमनच्या माथी मारता येत नाहीत. तीच बाजू म्हणते, कर्णधाराचा मान घेतला आहे तर घड्याळाचं भानही त्यानेच ठेवावं. दुसरी बाजू म्हणते, पोर नुकतंच खाली आपटलंय, कान सुन्न आहेत, साठ हजारांचा गोंगाट आहे. अशा वेळी रेषेबाहेर उभं राहून शांत डोक्याने घड्याळ थांबवायचं, याच कामासाठी प्रशिक्षकाला पगार मिळतो.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. ऑफेन्स आणि लॉकर रूम हे दोन वेगळे वाद आहेत, हेच मला मान्य नाही. चढाई म्हणजे अकरा माणसांनी एकाच्या शब्दावर एकाच वेळी हलणं. तो शब्द वेळेवर येईल याची खात्री उरली नाही की लाइनमनचं पाऊल अर्ध्या क्षणाने अडखळतं, धावणारा दिशा बदलताना कचरतो, क्वार्टरबॅक चेंडू जास्त वेळ धरतो. आकडेवारीत त्याची नोंद ‘सॅक’ अशी होते. त्याची सुरुवात मात्र आठवडाभर आधी झालेली असते, सरावात, बैठकीत, चूक कोणाची हे कोणी बोललं आणि कोणी टाळलं तिथे.

सामना संपल्यावर लॉकर रूममध्ये बचावपटू जेलन जॉन्सनचा प्रशिक्षकांसमोर भडका उडाल्याचं पुढे सगळीकडे छापून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एबरफ्लूस नेहमीप्रमाणे पत्रकारांना सामोरे गेले. थोड्याच वेळाने क्लबने त्यांना काढून टाकलं. शंभरहून अधिक वर्षांत बेअर्सनी मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर कधी घरी पाठवलं नव्हतं. त्यांच्या जागी थॉमस ब्राउन आले, वॉल्ड्रन यांच्या जागीही आधी तेच आले होते. पण ज्या माणसाला पत्रकारांसमोर बसवायचं त्याला नोकरी गेल्याचं आधी सांगावं, एवढी माणुसकीही दाखवली गेली नाही. एबरफ्लूस यांच्यावर चिडलेल्या कित्येकांना त्या सकाळी त्यांचीच दया आली. मलाही आली.

(दृश्य : २६ डिसेंबरची रात्र, धुकं, रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्या.)

हार थांबली नाही. २६ डिसेंबरला सिॲटलकडून ६–३. ओळीने दहावी. त्या रात्री सोल्जर फील्डवर, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीत बांधलेल्या आणि त्याच वर्षी शंभरी पूर्ण केलेल्या त्या मैदानावर, हजारो लोक एका सुरात ओरडले : टीम विका, टीम विका. आता दोष क्वार्टरबॅकचा उरला नव्हता, प्रशिक्षकाचाही नाही. लोकांचं बोट थेट मालकांकडे गेलं होतं. मालकीण व्हर्जिनिया मॅकॅस्की, जॉर्ज हॅलस यांची मुलगी. १९८३मध्ये वडील गेल्यापासून संघ तिच्या नावावर.

(दृश्य : ग्रीन बे, बर्फाळ दुपार.)

५ जानेवारी २०२५. शेवटचा सामना ग्रीन बेमध्ये. पॅकर्सकडून सलग अकरा वेळा हरलेला संघ, खेळून मिळवायचं काहीच नाही. शेवटच्या मिनिटात पॅकर्स २२–२१ असे पुढे गेले. विल्यम्सने चेंडू पुढे आणला. सात आठवड्यांपूर्वी ज्याची लाथ अडवली गेली तोच कैरो सँटोस मैदानात आला. या वेळी अंतर ५१ यार्ड. चेंडू खांबांच्या मधून गेला. शिकागो २४, ग्रीन बे २२.

त्याच दिवशी व्हर्जिनिया मॅकॅस्की १०२ वर्षांच्या झाल्या. तिच्या हयातीतला बेअर्सचा तो शेवटचा सामना. महिन्याभराने, ६ फेब्रुवारीला ती गेली.

हंगामाचा हिशेब : पाच विजय, बारा पराभव. विल्यम्सची ३,५४१ यार्डांची फेक, वीस टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले फक्त सहा चेंडू. जानेवारीत डेट्रॉइटच्या ऑफेन्सचे सूत्रधार बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, मार्चमध्ये पुढच्या रांगेसाठी तीन अनुभवी लाइनमन आणले गेले.

(दृश्य : नेपरव्हिल, तीच बैठक, खिडकीबाहेर अंधार.)

ग्रीन बेचा सामना संपला तेव्हा मी पुन्हा त्याच घरात होतो. शेजाऱ्याने लगेच हिशेब मांडला : जिंकलो म्हणजे ड्राफ्टमधला आपला क्रमांक खाली घसरला, हरलो असतो तर बरं झालं असतं. त्याचे वडील रिमोट हातात धरून बसले होते. त्यांनी टीव्ही बंद केला नाही. सँटोसची लाथ पुन्हा दाखवत होते, ती त्यांनी पाहिली, मग तिसऱ्यांदा पाहिली, आणि मुलाला म्हणाले, ‘जरा आवाज वाढव.’