जखम भरली ना? मग हात वर करून दाखवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत भाजल्यावर पहिल्या तासात काय करायचं ते सांगितलं होतं. खाली प्रश्न आले ते मात्र सगळे सहा महिन्यांनंतरचे. "ताई, जखम भरली पण मान वळत नाही." "कोपर सरळ होत नाही." "दवाखान्यातून सोडलं तेव्हा बरं होतं, आता बिघडलंय." हे तिसरं वाक्य इतक्या जणांनी लिहिलंय की आज दुसरा विषय घ्यायची सोयच राहिली नाही.

पहिला तास एका दमात उरकते. नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, वर स्वच्छ कापड, आणि दवाखाना. टूथपेस्ट लावायची का, हे आता कुणी विचारलं तर मी फक्त डोळे वटारलेला चेहरा टाकणार आहे.

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसं दगावतात, आणि त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. का, ते वेगळं सांगायला नको. एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि मुलं, कामावर हातमोजेसुद्धा नाहीत. पण ही दगावणाऱ्यांची मोजणी झाली. जे वाचून घरी जातात त्यांचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

तर मुद्दा. जखम भरली की घरचे म्हणतात, सुटलो. माझं काम तिथून सुरू होतं. तीन आठवड्यांत न भरलेली खोल जखम पुढे जाड, लालसर, फुगलेला वण धरण्याची शक्यता खूप असते, आणि हा वण जिवंत असतो. त्यात ओढून घेणाऱ्या पेशी असतात. त्या महिनोन् महिने कातडी आत खेचत राहतात. वण शांत व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. सांध्यावर वण असेल तर तोवर सांधा त्याच्या ताब्यात.

आता माझा हात बघा. (कॅमेरा जरा खाली घेते.) भाजलेला माणूस असा बसतो. कोपर दुमडलेलं, हात छातीशी, हनुवटी खाली, गुडघे पोटाशी. असं बसलं की दुखत नाही. पण कोपर दुमडलेलं ठेवून त्याच मापाची बाही शिवली, तर हात सरळ करताना ती पुरेल का? वण ही तशीच बाही आहे, तुम्ही जसे बसाल त्या मापाने शिवली जाणारी. ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो.

हेच पुन्हा सांगते, कारण पाच मिनिटांनी कुणीतरी लिहिणारच, "ताई, आईच्या मानेखाली मऊ उशी दिली आहे." काढा ती उशी. गळा पुढून भाजलाय ना? मग डोक्याखाली काही नको. खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, मान मागे झुकू दे. मायेने दिलेल्या उशीमुळे हनुवटी छातीला चिकटलेली माणसं मी पाहिली आहेत. खाताना तोंड मिटत नाही, समोरचा रस्ता दिसत नाही. काख भाजली असेल तर हात अंगापासून लांब, खांद्याच्या रेषेत. मध्ये गोधडीची वळकटी चालते. गुडघा सरळ. पाऊल काटकोनात. खाट नसेल तर जमिनीवर झोपा आणि तळपाय भिंतीला टेकवा. भिंत फुकट आहे. हाताच्या पंजाचं मात्र व्हिडिओ बघून करू नका. वरची बाजू भाजली तर एक स्थिती, तळवा भाजला तर वेगळी, ती समोर बसूनच ठरवावी लागते. आणि कातडी नुकतीच लावलेली असेल तर पहिले काही दिवस तो भाग हलवायचाच नाही. कधी हलवायचा ते डॉक्टर सांगतील.

आता तिसऱ्यांदा तेच, पण माझ्या चुकीतून.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी कोपरासाठी स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी, करून दिली. हे प्लास्टिक कढत पाण्यात मऊ होतं, हातावर बसवायचं, गार झालं की तोच आकार धरतं. फार मन लावून केली होती. बाईंना सांगितलं, रात्री बांधा आणि स्वच्छ ठेवा. महिन्याने आल्या तर कोपर आखडलेलं आणि पिशवीत स्प्लिंट, पत्र्यासारखी सपाट. मी चिडले. "वापरलीच नाही ना?" त्या गप्प. फाइलवर मी लिहिलं, "रुग्ण सूचना पाळत नाही." मग बरोबर आलेली मुलगी हळूच म्हणाली, "आई रोज उकळत्या पाण्यात धुवायची. तुम्ही स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं."

रोज, मंडळी! मी सांगितलं त्याहून जास्त पाळलं त्यांनी. आणि ओळ माझ्या अक्षरात लिहिलेली.

तेव्हापासून "पेशंट ऐकत नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऐकत नाही म्हणजे काय? तपासणीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर येण्याजाण्याचं भाडं, आणि धाकट्या मुलाला कुणाकडे ठेवायचं? दिवसातून पाच-सहा वेळा व्यायाम म्हणे. कारखान्यात बारा तास उभा असलेला माणूस मुकादमाला काय सांगणार, जरा थांबा, वण ताणून येतो? ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात आम्ही छापील कागद देतो, तो मान डोलावतो, आणि आम्ही खूण करतो, "समजावून सांगितले." स्थलांतरित मजुराला तर तोंडी सांगितलेलंही कळलेलं नसतं, आमची भाषाच वेगळी.

आता मी आधी त्यांचा दिवस विचारते. किती वाजता उठता, झोपायला जागा किती, काम उभ्याने की बसून. मग त्यात व्यायाम बसवते. काखेचा वण असेल तर दोरी उंच बांधा आणि कपडे त्याच हाताने वाळत घाला. भिंतीवर बोटं चालवत वर न्या, पोचाल तिथे कोळशाने रेघ मारा, उद्या रेघेच्या वर.

ताणायचं कसं, हे नीट बघा. आधी साधं, वास नसलेलं मलम किंवा तेल चोळा. खोल भाजलेल्या कातडीत तेलाच्या ग्रंथी उरत नाहीत, ती कोरडी पडते आणि तडकते. मग सावकाश ताणा, वण पांढुरका पडेपर्यंत. पांढुरका पडला की थांबा, तिथेच धरा, तीसपर्यंत मोजा, सोडा. हिसका द्यायचा नाही. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. सकाळी वण सगळ्यात ताठर असतो, म्हणून सकाळचा एक चुकवू नका.

"वण घालवायचं क्रीम सांगा" असं रोज कुणीतरी लिहितं. वण पूर्ण पुसणारं क्रीम नाही. सिलिकॉनच्या पट्ट्यांनी, दाबाच्या घट्ट कपड्यांनी वण मऊ आणि सपाट व्हायला मदत होते. पण ते कपडे दिवसाचे २३ तास घालायचे, दोन-तीन महिन्यांत सैल पडले की नवे शिवायचे, धुवायला वेळ मिळावा म्हणून दोन जोड. हिशेब तुम्हीच करा. एकच गोष्ट परवडत असेल तर माझं मत सांध्याच्या स्प्लिंटला. जाड वण घेऊन काम करता येतं, आखडलेल्या कोपराने नाही. लहान मुलांचं आणखी अवघड. मूल वाढतं, वण त्या वेगाने वाढत नाही, म्हणून उंची वाढणं थांबेपर्यंत दाखवत राहावं लागतं.

एकाने लिहिलंय, "मनाची ताकद असेल तर सगळं होतं." दादा, एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या वैमानिकांवर इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे शल्यविशारद उपचार करायचे. त्यांच्या रुग्णांनी १९४१ मध्ये स्वतःचा क्लब काढला, नाव गिनी पिग क्लब. शस्त्रक्रिया मोठ्या होत्याच. पण मॅकिंडोंनी त्यांना रुग्णाच्या पोशाखाऐवजी स्वतःचा गणवेश घालू दिला, आणि गावकऱ्यांना सांगून ठेवलं की यांच्याकडे टक लावून बघायचं नाही, घरी बोलवायचं. नव्वद दिवसांत कामावर न परतलेल्याला सेवेतून काढण्याचा नियम होता, त्याविरुद्धही ते भांडले. मनाची ताकद त्या पोरांकडे होतीच. जोडीला नोकरी होती आणि अख्खं गाव होतं. माझ्या वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या मजुराला यातलं काय मिळतं? चेहरा बघून आधी कामावरून कमी करतात.

शेवटचा प्रश्न घेते, कारण तो खाली कुठेतरी दबून गेलाय आणि त्याला एकही लाईक नाही. "वीस वर्षांपूर्वी भाजलो होतो. गुडघा तेव्हापासून वाकलेला. आता वणावर छोटी जखम झाली आहे, तीन महिने भरत नाही. आता काही होईल का?"

गुडघ्याचं होऊ शकतं. जुना आखडलेला वण शस्त्रक्रियेने सोडवता येतो, नंतर व्यायाम मात्र सुटणार नाही. पण गुडघा नंतर. जुन्या वणावरची न भरणारी जखम कधी कधी कर्करोगाची असते. याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात, त्या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं होतं. तुमचं तेच आहे असं मी म्हणत नाही. फोटो पाठवू नका, फोटोवरून कळत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो. या आठवड्यात सरकारी रुग्णालयात जा, आणि ती जखम किती महिन्यांची आहे हे आत गेल्या गेल्या सांगा. गुडघा बघून ते गुडघ्याबद्दलच विचारत बसतील.