थांबवायची तार वेगळी

राजेहो, विषय ठरलाय 'मोटरचा ड्राइव्ह पीएलसीला कसा जोडायचा'. सांगतो. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा, पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर. पण समोर आयटीआयची पोरं बसली आहेत, उद्या हीच जिनिंगमधली पॅनल उघडणार. म्हणून आधी एक घडलेलं ऐका.

हिंगणघाटकडची जिनिंग, ऐन सीझन, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग. जिनांना, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या मशीनांना, कापूस वाटणाऱ्या पट्ट्याची मोटर ड्राइव्हवर. चालू, बंद, वेग, सगळे हुकूम पीएलसीकडून दोन बारीक तारांवरून यायचे. मी वजनकाट्याजवळ उभा होतो. ऑपरेटर पळत आला, "साहेब, बटन दाबून राहिलो, पट्टा थांबूनच नाही राहिला!" आत जाऊन पाहतो तर पीएलसीच्या स्क्रीनवर 'बंद' आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर ३८ हर्ट्झ, म्हणजे मोटर फिरतेच आहे. जिन चोक, वरून कापूस ओततोच आहे. शेवटी मेन ब्रेकर पाडला.

उंदरानं केबल कुरतडली होती. उंदराला बोल लावू नका, सरकी आहे तिथे उंदीर असणारच. ड्राइव्हमध्ये संपर्क तुटल्यावर थांबायची वेळ टाकता येते. इथे ती शून्य, म्हणजे देखरेखच बंद. त्यामुळे तो शेवटच्या हुकमावर फिरत राहिला. लाल बटन गेलं होतं फक्त पीएलसीच्या इनपुटला. पीएलसी बिचारा त्याच तुटलेल्या तारांवर 'थांब' म्हणत होता.

माझा राग पॅनल करून देणाऱ्यावर आहे. वायरिंगचा नकाशा दिला नाही, पॅरामीटरची यादी नाही, वर पासवर्ड टाकून गेला. मालक मंडळी इथे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला पॅरामीटरचा कागद चिकटवलेला दिसल्याशिवाय बिल देऊ नका. रात्री दोन वाजता तुमच्या फिटरला तोच कागद लागतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तर भरभर घेतो. या तारांवरची बोली बहुतेक ठिकाणी मॉडबस, मॉडिकॉन कंपनीनं १९७९ साली आणलेली. आरएस-४८५ साठी, म्हणजे या दोन तारांच्या जोडणीसाठी, पीळ दिलेली, शील्डवाली केबल घ्या. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी ओळीनं न्या, फाटे फोडू नका. ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. मोटरच्या पॉवर केबलपासून लांब ठेवा. प्रत्येक ड्राइव्हला वेगळा पत्ता, १ ते २४७ मधला. बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) सगळीकडे एकच. दोन तारांची ए आणि बी ही नावं काही कंपन्या उलटी लावतात, बोलणं झालं नाही तर अदलाबदल करून बघा. मॅन्युअलात रजिस्टरचा, म्हणजे ड्राइव्हमधल्या आकड्याच्या खणाचा, नंबर ४०००१ छापला असेल तर तारेवर पत्ता ० जातो. निम्मी पोरं इथेच अडकतात. वाचायला फंक्शन (हुकमाचा नंबर) ३, एक रजिस्टर लिहायला ६. आणि रन व वेगाचा हुकूम कीपॅडऐवजी कम्युनिकेशनवरून घ्यायचा, हे ड्राइव्हमध्ये सांगावं लागतं.

आणीबाणीच्या बटनाची तार मात्र वेगळी. त्याचा एनसी संपर्क (एरवी जोडलेला, बटन दाबलं की तुटणारा) थेट ड्राइव्हच्या एसटीओ टर्मिनलला, म्हणजे मोटरची ताकद तोडणाऱ्या टर्मिनलला, ते नसेल तर पुरवठ्याच्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे पॉवर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला. म्हणजे हीच तार तुटली तरी मोटरची ताकद जाते.

मागच्या खोलीत पॅनल मांडून ठेवलंय. चला, मोटर ३८ हर्ट्झवर फिरवू आणि कम्युनिकेशनची केबल उपटून बघू. वेळ २ सेकंद टाकलीय.