वाटाण्याची कुंडी आणि गंगेवरचा उजेड

मित्रहो, फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. तेव्हा नाशकात सिनेमावर बोलायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच. पण मी ‘राजा हरिश्चंद्र’च्या जरा मागे जातो. त्याआधी फाळक्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, रोप वाढलं. ते दाखवून भांडवल उभं राहिलं. तरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या बाई राबल्या, तेव्हा कुठे १९१३ साली चित्रपट लागला. त्यांचं नाव आपण फार कमी घेतो, याचं मला वाईट वाटतं.

मला मात्र ती कुंडी सोडत नाही. पैसा नव्हता, तिथे फाळक्यांनी दिवस घातले. बिनपैशाच्या सिनेमाची ओढ मला त्यातच दिसते. मोठ्या शूटिंगला कॅमेऱ्याचं भाडं चढत असतं, नटांच्या तारखा संपत असतात. ऊन मनासारखं नसलं तरी शॉट उरकावा लागतो. ज्याचं भाड्याचं काहीच नाही, तो थांबू शकतो.

आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव घ्या. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी तिथल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे सुपरमॅनही केला, आणि तो सुपरमॅन कोण? मागावर काम करणारा एक हडकुळा कामगार. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि त्यांच्या ‘ओडेसा’ या गटातल्या मंडळींनी तर गावोगाव सिनेमाचे खेळ लावून, आपण गणपतीला काढतो तशी वर्गणी काढली आणि १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पुरा केला.

आम्हीही चौघांनी एक छोटी फिल्म केली. जुना मोबाइल, उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा, एवढंच सामान. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रामकुंडापाशी, पहाटेचा एक शॉट हवा होता: पाण्यावर पहिला उजेड आणि पायऱ्या उतरणारी बाई. पहिल्या रविवारी ढग. दुसऱ्या रविवारी गर्दी. तिसऱ्यांदा उजेड अगदी हवा तसा आला, आणि नेमकी फ्रेमच्या कडेला फुलवाल्या आजींची टोपली. त्यांना उठा म्हणायला जीभ रेटेना.

चौथ्या रविवारी आम्ही पायरीवर डबे रचून त्यावर मोबाइल टेकवत होतो. आजींनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. मग स्वतःच टोपली दोन पायऱ्या खाली सरकवली आणि म्हणाल्या, “आता घ्या बाळांनो, ऊन यायच्या आत.”

फिल्ममध्ये तो शॉट अकरा सेकंदांचा आहे. टोपलीतल्या झेंडूचा पिवळा कोपरा मी मुद्दाम फ्रेममध्ये ठेवला.