स्टीलच्या पुंगळीवर उगाचचा आळ

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण टेक्सासमध्येच राहतायत, काहींनी नुकतीच पहिली रायफल घेतलीय, आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जायला लागलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, ती करड्या रंगाच्या स्टीलच्या पुंगळीची स्वस्त काडतुसं घ्यावी की नको. दुकानदार म्हणतो घ्या, शेजारच्या लेनवरचा माणूस म्हणतो हात लावू नका, रायफलची वाट लागेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. सरावासाठी ही काडतुसं चांगली आहेत, फक्त कुठल्या रायफलमध्ये घालताय ते बघायला लागतं, आणि लोक ज्या स्टीलच्या पुंगळीला शिव्या घालतात तिचा दोष वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे.

काडतुसात पुंगळी म्हणजे बाकी सगळं धरून ठेवणारी धातूची नळकांडी, प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी तळाची टिकली, दारू आणि पुढे गोळी, एवढ्याच चार गोष्टी. पुंगळी नेहमीची असते पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडाला की आतल्या दाबाने ती फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खाचेच्या, भिंतीला घट्ट बसते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की परत आकसते, म्हणून एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याला, ती अलगद ओढता येते. स्टील ताठ असतं. ते तेवढं फुगतही नाही आणि तेवढं आकसतही नाही, त्यामुळे थोडा गॅस बाजूने मागे सरकतो आणि चेंबरमध्ये काजळी धरते. रेंजवर पडलेली एखादी स्टीलची पुंगळी उचलून बघा, तोंडापासून खाली आलेला काळा ओघळ दिसेल, पितळेच्या पुंगळीवर तो मानेपाशीच थांबलेला असतो.

मग जर्मनांनी आणि रशियनांनी स्टील का वापरलं? कारण दुसऱ्या महायुद्धात पितळेची, म्हणजे मुळात तांब्याची चणचण होती. जर्मनीने स्टीलच्या पुंगळ्यांवर लॅकर, म्हणजे गंज न लागण्यासाठी रोगणाचा थर, चढवून काडतुसं काढली, आणि सोव्हिएत लोकांनी ती पद्धत युद्धानंतरही सोडली नाही. रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरातला काडतुसांचा कारखाना १८८० चा आहे, तिकडे सैबेरियात बार्नाऊलचा, आणि इथल्या दुकानांत वुल्फ, ब्राउन बेअर, तुलॲमो अशा नावांनी जे डबे वर्षानुवर्षं मिळायचे ते रशियातून यायचे. (आपल्या खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी त्याहून जुनी, १८६९ ची, हे पुण्याच्या मंडळींना ऐकून बरं वाटेल.)

आता मुख्य मुद्दा. एके-४७ चं ७.६२ बाय ३९ हे काडतूस बघा, पुंगळी मागून पुढे चांगली निमुळती होत जाते. अशी पुंगळी मागे जराशी सरकली की सगळीकडून भिंतीपासून सुटते, पाचर सुटते तशी. म्हणून एकेमध्ये स्टील वर्षानुवर्षं चालतं, कोणी तक्रार करत नाही. एआर-१५ या अमेरिकन रायफलचं .२२३ काडतूस मात्र बरंच सरळ आहे, पुंगळी भिंतीला घासत घासत बाहेर येते, त्यात स्टीलचा ताठपणा आणि काजळी, मग एखादी अडकते. त्यात परत या स्वस्त काडतुसांत दारू थोडी मवाळ भरलेली असते, बोल्टला, म्हणजे मागे-पुढे सरकून पुंगळी काढणाऱ्या भागाला, मागे पूर्ण ढकलण्याइतका गॅस कधी कधी मिळत नाही, आणि थंडीत किंवा रायफलचा गॅसचा हिशोब आधीच तंग ठेवलेला असेल तर पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. याला लोक म्हणतात स्टील वाईट. अहो, यात अर्धा दोष दारूचा आहे!

लॅकर वितळून चेंबरला चिकटतं हेही सगळे एकमेकांना सांगतात. तसं होत नाही. अडकवते ती काजळी. भरपूर स्टील झाडून लगेच पितळेची काडतुसं घातली की पितळ फुगून त्या काजळीत रुतून बसतं, म्हणून स्टीलवरून पितळेवर जाताना चेंबरचा ब्रश फिरवा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी झीज होते ती गोळीमुळे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मला चिडायला होतं. स्वस्त काडतुसांतल्या बऱ्याच गोळ्यांचं आवरण मऊ पोलादाचं असतं, वर तांब्याचा नुसता पातळ थर. चुंबक लावून बघा, गोळीलाच चिकटतो. लकी गनर या काडतुसं विकणाऱ्या कंपनीने २०१३ साली याची मोठी चाचणी प्रसिद्ध केली, एकाच प्रकारच्या चार कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, प्रत्येकीला एकेक ब्रँड, प्रत्येकी १०,००० गोळ्यांचं लक्ष्य. पितळेचं फेडरल एकदाही अडलं नाही. वुल्फ आणि ब्राउन बेअर १०,००० मध्ये मोजक्या वेळा अडले, तुलावाली रायफल मात्र चाचणी पूर्ण करू शकली नाही. आणि पोलादी आवरणाच्या गोळ्यांनी नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चक्राकार खाचा, इतके झिजवले की गोळ्या टार्गेटवर आडव्या लागायला लागल्या. पण त्यांनी पैशांचा हिशोबही मांडला होता, की तेव्हाच्या भावात वाचलेल्या पैशांत नवी नळी येऊन वर पैसे उरत होते. माझ्या मते सरावाला काय घ्यायचं हे याच हिशोबावर ठरवावं, पुंगळीच्या रंगावर नाही.

मागून एक ताई विचारतायत की आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ ला ब्राँझ मिळवलं तो प्रकार यात येतो का. नाही, ५० मीटरच्या नेमबाजीत .२२ रिमफायर हे छोटं काडतूस वापरतात, दाब खूप कमी, गोळी शिशाची, तिथे हा प्रश्नच येत नाही.

जुनी सोव्हिएत सरप्लस, म्हणजे सैन्याच्या साठ्यातून उरलेली, काडतुसं मात्र वेगळी ठेवा. त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं मीठ नळीत राहतं, हवेतला ओलावा धरतं आणि गंज आणतं, ते तेलाने जात नाही, पाण्याने धुवायला लागतं, मग कोरडं करून तेल. दुकानातल्या नव्या वुल्फ-तुलाला हा त्रास नाही.

भावाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं, रशियातला विरोधी नेता नवाल्नी याच्यावरच्या विषप्रयोगानंतरचे ते निर्बंध. त्यामुळे जुनी स्वस्ताई आता धरून चालू नका, पितळेशी फरक थोडाच असेल तर पितळच घ्या.

आणि घ्यायच्या आधी तुमच्या रेंजला विचारा. बऱ्याच इनडोअर रेंज चुंबक लावून तपासतात, कारण पोलादी आवरण मागच्या लोखंडी पत्र्यावर ठिणग्या उडवतं आणि आगीची भीती असते. पहिल्यांदा एकच डबा घ्या, अख्खी पेटी आणू नका, सगळा एका दिवसात झाडून बघा. चाप ओढल्यावर बार नाही झाला तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढा. आणि आवाज नुसता फुस्स आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका, आधीची नळीत अडकलेली असू शकते, हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा, तो नळी बघेपर्यंत रायफल तशीच राहू द्या.