‘सर, माझा एक शंका आहे’

सोलापूरचा चार हुतात्मा चौक. सकाळच्या कॉलेजची पोरंपोरी घाईघाईने इथून पुढे जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचे. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरावर मार्शल लॉ लागला, तेव्हा गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरलं होतं.

तेव्हा बंदी सरकारची होती; आज विद्यापीठांमधला बोलण्याचा वाद वेगळा आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना पत्रच धाडलं: न पटणाऱ्या विचारांपासून लपायला इथे ‘सेफ स्पेस’, म्हणजे सुरक्षित कोपरा, मिळणार नाही. त्यावर उलट सवाल आला, ज्यांना रोज अपमान गिळावा लागतो त्यांनी जायचं कुठे?

हा सवाल केगावच्या माळावरच्या सोलापूर विद्यापीठातही तितकाच खरा आहे. 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी निघालेलं हे विद्यापीठ. अक्कलकोट, सांगोला, करमाळ्याहून मुलं एसटीने येतात. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी उर्दू.

अशाच एका वर्गात शहराच्या पूर्व भागातली मुलगी उभी राहते. घरी तेलुगू, वडील पॉवरलूमवर. ती म्हणते, “सर, माझा एक शंका आहे.” मागच्या बाकावरून लगेच नक्कल होते, “माझा शंका!” वर्ग हसतो. सरही गालात हसतात. मुलगी खाली बसते आणि वर्षभर पुन्हा हात वर करत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम 19 जागच्या जागी आहे. तिला बोलू नको असं कुणीच म्हटलेलं नाही. तरी एक आवाज गेला. तिच्यासाठी वर्ग सुरक्षित असणं हे लाड नव्हेत, ते तिचं बोलण्याचं स्वातंत्र्यच आहे.

पण ‘सुरक्षित’ या शब्दाआड दुसरंही काही शिरतं, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे. व्याख्यान ठरतं, पत्रिका छापून होते, आदल्या दिवशी कुणीतरी निवेदन देतं, “भावना दुखावतील.” प्राचार्य म्हणतात, “वातावरण बिघडायला नको,” आणि कार्यक्रम रद्द. विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव द्यायचं की सिद्धेश्वरांचं, यावर शहर तापलं होतं. 2019 मध्ये अहिल्यादेवींचं नाव लागलं. असे विषय वर्गात खुलेपणाने वाजायला हवेत, तर तिथेच सगळ्यांची दातखीळ बसते.

सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम 66अ रद्द करताना रेघ स्पष्ट ओढली आहे. चर्चा करणं, मत मांडणं, मग ते कितीही अप्रिय असो, हा हक्क आहे. चिथावणी हा हक्क नाही. दुखावलेल्या भावना म्हणजे चिथावणी नव्हे. जात, धर्म, भाषा किंवा बाई असण्यावरून एखाद्याला हिणवणं म्हणजेही चर्चा नव्हे. एवढा फरक पदवीच्या मुलांना नक्की कळतो, मोठ्यांनी तो पाळायला हवा.

म्हणून प्राचार्यांकडे आमचं मागणं सरळ आहे. पुढच्या वेळी निवेदन आलं की कार्यक्रम रद्द करू नका. निवेदन देणाऱ्यालाच त्याच व्यासपीठावर दहा मिनिटं द्या आणि वक्त्याला त्याचं उत्तर देऊ द्या. आणि मागच्या बाकावरून नक्कल झाली, तर ती त्याच तासाला, सगळ्यांदेखत थांबवा आणि त्या मुलीची शंका पूर्ण ऐकून घ्या.